वेल्कोमामाचा उजवा कान

हे खरं घडलेलं आहे.

पटलं नाही तर सोडून द्या. मी काही कुणाला गळ घालायला आलेले नाही. पण ज्यांच्या बाबतीत घडलं, त्या माझी सख्खी मामी आणि मामेबहीण आहेत. दोघी आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. आज सकाळीही जिन्यात भेटल्या.

आणि एक आधीच सांगून ठेवते.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. कुठे कुत्रं रडत नव्हतं.

शुक्रवार होता, सतरा फेब्रुवारी २०२३. दुपारचे पावणेतीन. आमचं रुसे गाव, बल्गेरियातलं, डॅन्यूब नदीच्या काठावरचं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून टपटप गळत होता.

भरदिवसा झालं सगळं. म्हणून तर मला दिवसाचीही खात्री उरलेली नाही.

माझ्या मामेबहिणीचं नाव नेवेना. वय चौतीस, लग्न केलेलं नाही, आईजवळच राहते. तेव्हा कार्टून बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला होती. दोन खोल्या, पाच माणसं, एक कॉफीचं यंत्र. चित्रं काढणारे वेगळे. हिचं काम चित्रांत हाडं घालायचं.

हसू नका, त्याला हाडं घालणंच म्हणतात. चित्रातल्या अस्वलाचे हात, पाय, डोकं सुटं करायचं. प्रत्येक तुकड्याचा वेगळा थर. मग संगणकावरच त्यांच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा. हाड ओढलं की हात हलतो. कठपुतळीला दोऱ्या असतात, याला हाडं, एवढंच.

त्यातही नेवेनाचा हातखंडा म्हणजे डोकं वळवणं. कागदासारखं चपटं डोकं ती असं वळवायची की बघणाऱ्याला वाटावं, हे चांगलं नारळासारखं गोल आहे. मी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने मला समजावलं होतं. वळत काहीच नाही, ताई. नाक भरपूर सरकवायचं, डोळे त्याहून कमी, मागचे केस उलट्या बाजूला. पलीकडचा डोळा अरुंद करायचा, पलीकडचा कान गालाआड ढकलायचा. ही सगळी सरकासरकी एका हाडाला बांधून ठेवायची. ते हाड म्हणजे किल्ली. ते फिरवलं की डोकं फिरलंसं वाटतं.

"आणि मागची बाजू?" मी विचारलं होतं.

"मागची बाजू नसतेच," ती म्हणाली. "कुणी काढलेलीच नसते."

म्हणून त्या किल्लीच्या हाडाला ती मर्यादा घालायची. डावीकडे पंचेचाळीस अंश, उजवीकडे पंचेचाळीस. त्यापुढे कितीही ओढा, जागचं हलायचं नाही.

तिची आणखी एक सवय होती. त्या धंद्यात सगळ्यांचीच असते म्हणे. एका बाजूचं वळण मन लावून करायचं, आणि दुसऱ्या बाजूचं करायचंच नाही. पहिलंच आरशात बघितल्यासारखं उलटं करून तिकडे चिकटवायचं. काम निम्मं. अस्वलाचे दोन्ही गाल सारखेच असतात, कुणाला काय कळतंय.

माणसाचे सारखे नसतात. एवढं लक्षात ठेवा.

आता वेल्कोमामा.

नेवेनाचा बाप, माझा मामा. सारा जन्म बंदरावर क्रेन चालवली, निवृत्त झाल्यावर नदीत नाव घालून मासे धरत बसायचा. त्याच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा नव्हता. लहानपणी आजोळी गाढवाने चावून तोडला होता. बंदरावर त्याला सगळे 'गाढवाचा घास' म्हणायचे. तो चिडायचा नाही. म्हणायचा, चव आवडली नाही बिचाऱ्याला, म्हणून उजवा वाचला.

उजवा कान धड होता. मी स्वतः लहानपणी तो धरून ओढलेला आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी, मामा-मामीचं भांडण झालं. कशावरून, तर तळघरातून कोबीच्या लोणच्याची बरणी आणायला सांगितली होती आणि हा विसरला. मामी तोंडाची फटकळ. पंचवीस वर्षांपूर्वीचं उकरून काढलं. मामाने जाकीट चढवलं, गळ घेतला आणि निघाला.

तो रस्त्याच्या निम्म्यात पोचला असेल, तेवढ्यात मामीला काय वाटलं कुणास ठाऊक, ती दारात धावली. हाका मारल्या. वेल्को, अरे वेल्को, जरा मागे बघ.

त्याने बघितलं नाही.

संध्याकाळी रिकामी नाव सापडली. तो नऊ दिवसांनी, नदीत खाली दूरवर. शवपेटी बंदच आली. उघडू नका, असं सांगितलं होतं, आणि आम्ही उघडली नाही.

म्हणजे मामीजवळ त्याचं शेवटचं जे काही उरलं, ती त्याची पाठ.

"ऐकलं नसेल का गं त्याने?" वर्षभर तिचं हेच. मला विचारायची, पाद्र्याला विचारायची, पावाच्या दुकानातल्या पोरीला विचारायची. ऐकलं नसेल, वारा होता, असं आम्ही सगळे म्हणायचो. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. बाई झिजून अर्धी झाली होती.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद चिकटवतात. इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, विजेच्या खांबावर. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा. जुना कुणी फाडत नाही, पाऊस नेईल तेव्हा नेईल. मामाच्या कागदावर ओळखपत्रासाठी काढलेला फोटो होता. अगदी समोरून. कोट, टाय, ओठ घट्ट मिटलेले. मामी रोज जाता-येता त्या कागदाशी बोलायची.

जानेवारीत एकदा टीव्हीवर नेवेनाचं अस्वल लागलं होतं. अस्वल निघून चाललं होतं, पिल्लाने हाक मारली आणि त्याने मान वळवून मागे बघितलं.

मामीने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"हे तू केलंस?"

"हो."

"मग तुझ्या बाबांना वळव ना असं," मामी म्हणाली. "एकदाच. मला बघू दे."

नेवेनाने तिला समजावलं, हे खोटं असतं आई, फोटो असा वळत नाही. मामी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नेवेना फोटो घेऊन कामावर गेली.

वर्षाचा दिवस एकोणीस फेब्रुवारीचा. त्या साली त्याच्या आदल्या दिवशीच मृतांचा शनिवार आला होता, सगळं गाव स्मशानात जाणार. त्याच्या आत करून द्यायचं, असं नेवेनाने ठरवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत बसायची.

शेजारच्या टेबलावर बोय्को बसायचा, चित्रं काढणारा. चांगला मुलगा आहे, जरा आगाऊ. त्याने पहिल्याच दिवशी टोकलं होतं. गेलेल्या माणसाचा फोटो कापू नकोस, नवा रंगवून देतो हवं तर. नेवेना म्हणाली, तू माझ्या आईला ओळखत नाहीस, तिला रंगवलेला नको, तोच हवा.

तिने फोटो कापला.

नाक वेगळं. डोळे वेगळे. भुवया, ओठ, कान, हनुवटी. प्रत्येक तुकड्याला नाव दिलं, स्क्रीनच्या कडेला नावांची यादी. मग कवटीत हाडं घातली.

डावीकडचं, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडचं, वळण तिने दहा दिवस खपून केलं. मामाचा तुटका कान ज्या वळणात समोर येतो ते हे. तो कान तिने जिवापाड जपला, एकेक कडा जागच्या जागी. उजवीकडच्यासाठी वेळ उरला नव्हता.

तिने सवयीने आरसा लावला.

डावीकडचं उलटवून उजवीकडे चिकटवलं. समोरून बघताना दोन्ही कान आपापले होते, एक तुटका, एक धड. पण उजवीकडे वळताना जो कान पुढे यायचा, त्याचाही वरचा तुकडा गेलेला. तिला दिसलं होतं. नंतर दुरुस्त करू म्हणाली आणि राहून गेलं.

वर-खाली मान हलवणं तिने केलंच नाही. आईने फक्त वळव म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी तिने फाइल उघडली…

मामाचं डोकं किंचित डावीकडे वळलेलं होतं.

आपणच तसं ठेवलं असेल, असं म्हणून तिने ते सरळ केलं.

मंगळवारी पुन्हा. जरा जास्त.

बुधवारी तिला आवाज आला. कुर्र… मग शांत… मग कुर्र. तिने बोय्कोकडे बघितलं. तो कानात गाणी घालून बसला होता. स्पीकर तर बंदच होते. ती वाकून संगणकाच्या डब्याला कान लावायला गेली आणि ओळखलं. वल्हं मारताना नावेच्या कडीतून येतो, तो आवाज. लहानपणापासून ऐकलेला.

तिने फाइल बंद केली. आवाज थांबला.

गुरुवारी आवाज नव्हता. पण यादीत 'उजवा डोळा' नव्हता.

स्क्रीनवर मामा सरळ बघत होता, दोन्ही डोळ्यांनी. यादीत मात्र एकच डोळा. तिने वरपासून खालपर्यंत तीनदा वाचलं. मग सगळ्यात खाली तिला एक थर दिसला जो तिने केलेला नव्हता. त्याला नाव नव्हतं. उघडून बघितला तर रिकामा… नुसता काळा.

शहाणी बाई तिथेच थांबली असती. नेवेनाने तो थर पुसला आणि घरी आली. येताना छापखान्यातून वर्षाचे वीस कागद घेतले, मोजून, एकेक बघून पिशवीत ठेवले. वीसच्या वीस कागदांवर मामा समोर बघत होता. हे मी मुद्दाम सांगतेय.

आणि मग तो शुक्रवार.

मामीला धीर धरवला नाही. स्मशानात न्यायला साखर घालून गहू उकडायचे होते, ते अर्धवट टाकून ती सरळ नेवेनाच्या कामावर गेली. मालक बाहेर गेलेला, बाकीचे दोघे सुट्टीवर. खोलीत नेवेना, बोय्को आणि मामी. काळा रुमाल, हातात पिशवी. खुर्चीवर बसली आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसून म्हणाली, दाखव.

नेवेनाने दाखवलं.

किल्लीचं हाड धरलं आणि हळूच फिरवलं. मामाने डावीकडे बघितलं. मग समोर. मग उजवीकडे. मग पुन्हा समोर, सरळ मामीकडे.

मामी रडली नाही. पुढे वाकली आणि तिने स्क्रीनवर हात ठेवला.  नेवेनाला वाटलं, सुटले, झालं काम. तिने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"वेल्को," मामी म्हणाली, "तेव्हा माझी हाक ऐकली होतीस का रे तू?"

पन्हाळीची टपटप थांबली.

बाहेर ऊन तसंच होतं. बर्फ वितळतच होता. पण आवाज बंद. संगणकाचा पंखा बंद. बोय्कोच्या कानातली गाणीसुद्धा बंद झाली, हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं.

आणि मामाचं डोकं हललं…

डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

आमच्याकडे 'हो' म्हणताना मान अशीच हलवतात, आणि 'नाही' म्हणताना वर-खाली.

नेवेनाचा हात मांडीवर होता. तरी ती आईला सांगायला लागली, आई, याला काही अर्थ नाही, मी वर-खाली केलेलंच नाही, याला नाही म्हणताच येत नाही. काहीही विचार, हे होच म्हणणार.

मामीच्या कानात काही शिरलं नाही. वर्षभर ती जे विचारत होती त्याचं उत्तर तिला मिळालं होतं.

"ऐकलं होतंस," ती म्हणाली. "मग वळला का नाहीस?"

यावर ते डोकं वळायला लागलं.

डावीकडे. वीस अंश… तीस… पंचेचाळीस. तिथे ते थांबायला हवं होतं. थांबलं नाही.

नेवेनाने माऊस पकडला आणि हाड उलटं ओढलं. हाड उलटं आलं. डोकं आलं नाही.

उजवा डोळा नाकाआड गेला. मग नाक नुसती कड होऊन राहिलं. तुटका कान सरकत सरकत मधोमध आला, जसा मी लहानपणी मामाच्या शेजारी बसून बघायचे तसा. इथपर्यंत तरी तिच्याजवळ तुकडे होते. यापुढे काहीच नव्हतं. कुणी काढलेलंच नव्हतं.

तिने कडेच्या यादीकडे बघितलं. नाक नव्हतं. ओठ नव्हते. डावा डोळा… तिच्या डोळ्यांदेखत ते नाव गेलं.

यादीत शेवटी एकच थर उरला. नाव नसलेला.

आणि स्क्रीनवर मामाची पाठमोरी मान. पांढरे केस, मधला भोवरा. अगदी सरळ पाठ नव्हे, जराशी तिरकी. डाव्या कडेला तुटका कान, उजवा अजून आड. आणि कोट, टाय काही नाही. खाली तपकिरी जाकीट, आणि त्याची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली.

बोय्कोने उठून संगणकाची वायर उपटली. स्क्रीन काळी झाली. पन्हाळ पुन्हा टपटपायला लागली.

मामी जागची हलली नव्हती.

"कॉलर," ती म्हणाली.

नेवेनाने विचारलं, कसली कॉलर.

"त्याची कॉलर दुमडली होती त्या दिवशी. तेवढंच सांगायला हाका मारल्या होत्या मी. भांडण मिटवायचं म्हणून. कॉलर नीट कर, एवढंच सांगायचं होतं."

हे तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मला नाही, नेवेनाला नाही, पाद्र्यालाही नाही. नेवेना त्या शनिवारी गावातच नव्हती. ती कॉलर मामीशिवाय जगात कुणी बघितलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मृतांच्या शनिवारी, आम्ही कागद चिकटवायला खाली उतरलो. मी खळ घेतली होती, नेवेनाने पिशवीतून कागद काढला.

वर नाव. खाली 'तुझ्याविना एक वर्ष'. आणि मधल्या चौकटीत… पाठ.

दुसरा काढला. तिसरा. वीसच्या वीस.

मी दारावरचा सहा महिन्यांपूर्वीचा जुना कागद बघितला. उन्हाने पिवळा पडलेला, कोपरे उडालेले. त्यावरही पाठ. तळमजल्यावरचे आजोबा फिरायला निघाले होते, ते थबकले आणि रागावून म्हणाले, असला उलटा फोटो लावतात का गं माणसाचा, काही लाज? म्हणजे त्यांनाही दिसत होतं. आमचा भास नव्हता.

मी घरी पळाले. माझ्या लग्नाचा फोटो आहे, मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. मी कॅमेऱ्याकडे बघतेय, नवरा बघतोय, आई बघतेय.

मामा बघत नव्हता.

बंदरावरचा फोटो, क्रेनसमोरचा. मामीच्या लग्नाचा. नेवेनाला कडेवर घेतलेला. सगळीकडे तोच भोवरा, तीच कॉलर. लग्नातसुद्धा तेच तपकिरी जाकीट.

आणि याहून वाईट सांगू? त्या रात्री आम्ही दोघी आठवायला बसलो. मी म्हटलं, त्याचे डोळे घारे होते. नेवेना म्हणाली, नाही गं ताई, काळे होते. नाक कसं होतं? दोघींनाही सांगता येईना. कान आठवतात, गाढव आठवतं, हसायचा ते आठवतं. चेहरा मात्र नाही. होता तेवढा एक चेहरा, तोही आम्ही हातचा घालवला.

मामीला मात्र याचं काही दुःख नाही.

ती जेवायला लागली. अंगावर जरा मांस आलं. कारण तिच्या लक्षात आलं जे आमच्या आलं नव्हतं. ते डोकं थांबलेलं नाही. वळतंच आहे. फार हळू, आठवड्याला केसभर. तिने भिंतीवरच्या फोटोच्या काचेवर पेन्सिलने बारीक खुणा केल्यात. तुटका कान आधी डाव्या कडेला होता, तो हळूहळू डोक्याआड गेला. भोवरा मधे आला, मग तोही सरकला.

"येतोय तो," मामी मला म्हणाली. "माणसाला पाठ फिरवून परत वळायला वेळ लागतो. तुझा मामा आधीपासूनच धिमा."

ती दोन कप कॉफी करते आणि फोटोसमोर बसते. दीड वर्ष झालं. नेवेनाने ते काम सोडलं, आता एका कार्यालयात टंकलेखन करते. फाइल तिने पुसली, संगणक मालकाने विकला. काही फरक पडला नाही.

आणि या ऑगस्टात, एका दुपारी, मामीने मला आणि नेवेनाला हाका मारून बोलावलं. 

"बघा," ती म्हणाली. "कान दिसायला लागला."

खरंच दिसत होता. या वेळी उजव्या कडेला. म्हणजे उजवा कान.

वरचा तुकडा नव्हता.

मामी काचेवरून बोट फिरवत होती. माझा वेल्को, म्हणत होती, बघ कसा ओळखू येतो. इतक्या वर्षांच्या संसारात कुठला कान तुटका हे तिला माहीत नसेल? असेल. पण तिला आता तो कान हवा होता, आणि तिने तो घेतला.

मी नेवेनाकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. मला जिन्यात ओढून घेऊन गेली आणि पायरीवरच बसली.

"उजवा धड होता, ताई," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"ते मी आरशातून उलटवून चिकटवलेलं आहे. माझ्या हातचं. त्या बाजूला बाबा नव्हतेच कधी." मग म्हणाली, "बाबा गेले ते तिकडूनच गेले. इकडून जे येतंय ते बाबा नाहीत."

मग कोण, हे मी विचारलं नाही. तिलाही माहीत नव्हतं.

माझ्या लग्नाच्या फोटोतही तोच कान आलाय. त्याचा हात अजून माझ्या खांद्यावर आहे. मी तो फोटो कपाटात, चादरींखाली ठेवलाय. फेकून द्यायचा धीर होत नाही.

आम्ही मामीला सांगितलेलं नाही. सांगून काय सांगणार? एकदा नेवेना बोलायला गेली होती, पण आईचा चेहरा बघून परत फिरली. ती बाई दीड वर्ष फक्त या एका वळणावर जगतेय.

आज सकाळी मामी जिन्यात भेटली. नेवेना मागे उभी होती, खाली बघत. मामीने केसांना नवा रंग लावला होता, ओठांना थोडी लाली. म्हणाली, गालाची कड दिसते आता, दाढी वाढलीय त्याची. नाताळपर्यंत सगळा वळेल. त्या दिवशी तू पण ये. मी त्याला बाकी काही विचारणार नाही, भांडणार तर मुळीच नाही.

"कॉलर नीट कर, तेवढं सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "तेवढं सांगेन."

मी येते म्हणाले.